पुरं कापड

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी कुसुमावती पराते यांनी पाचवी पट्टी मशीनच्या जबड्यात अडकवली आणि बटण दाबलं.

पट्टी अंबाडीच्या कापडाची होती, पण हाताला कापडासारखी लागत नव्हती. अंबाडीच्या वाखाचं सूत, त्या सुताचं विणलेलं कापड, कापडाचे चार थर, थरांमध्ये रेझिन आणि वर दाब. हे सगळं घट्ट झाल्यावर जे निघतं ते मधाच्या रंगाचं, लाकडासारखं कडक आणि उजेडासमोर धरलं तर थोडं आरपार दिसणारं असतं. मशीनचं काम एकच. पट्टीची दोन्ही टोकं धरून ती तुटेपर्यंत ओढायची आणि किती ताकदीला तुटली ते पडद्यावर दाखवायचं.

तुटण्याआधी पट्टी आवाज करते. आतले तंतू सुटायला लागतात, तेव्हा टिक असं वाजतं. आधी थांबून थांबून, मग जवळ जवळ. नागपुरातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या या प्रयोगशाळेत कुसुमावती हा आवाज रोज ऐकतात. शेजारच्या घरात कोणी माग चालवत असावं आणि मध्ये भिंत असावी, तसा तो येतो, असं त्या सांगतात.

पाचवी पट्टी तुटली. त्यांनी पाचही पट्ट्या ज्या क्रमानं कापल्या होत्या त्या क्रमानं टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. एक वरच्या बाजूला तुटली होती, एक मध्याच्या खाली, एक तिरकी. असंच व्हायला हवं. चांगल्या मालाला तुटायची ठरलेली जागा नसते. प्रकल्प सुरू झाल्यापासून हे पहिल्यांदा घडलं होतं.

कुसुमावती स्टूल ओढून बसल्या.

प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. रितिका देवतळे पडद्यासमोर आल्या. कुसुमावतींपेक्षा त्या पंधरा वर्षांनी लहान आहेत.

"कुसुमताई, ताकद मिळाली की! मग चेहरा असा काहून? पेढे कुठे आहेत?"

"मॅडम, हे बाबाचं कापड हाय."

"माहीत आहे. उरलंय ना सॉकेटपुरतं? मग दुपारी साच्यावर चढवू. माणसावर वापरायची समितीची परवानगी येऊन पडली आहे. भूपेशला उद्या बोलवू."

कुसुमावती हो म्हणाल्या. मग त्यांनी तुटलेल्या पट्ट्या पुन्हा एकदा बोटांनी चाचपून पाहिल्या.

भूपेश त्यांचा धाकटा भाऊ. सक्करदऱ्यात तलावाच्या अलीकडे दोघं एकत्र राहतात. कुसुमावतींनी लग्न केलं नाही. कारण विचारलं तर त्या "राहून गेलं" एवढंच म्हणतात. भूपेश कूलर दुरुस्त करतो. काही वर्षांपूर्वी उमरेड रोडवर ट्रकखाली त्याचा डावा पाय गेला, गुडघ्याखालून. तेव्हापासून तो कृत्रिम पाय लावतो. उरलेला पाय ज्या पेल्यासारख्या भागात घालतात त्याला सॉकेट म्हणतात. सगळं वजन तिथं पडतं. भूपेशचं सॉकेट प्लॅस्टिकचं आहे, जड आहे आणि घासतं.

नागपुरात मार्च ते जून कूलर मेकॅनिकला बसायला वेळ नसतो. काम गच्चीवर, खिडकीच्या सज्जावर, लोखंडी शिडीवर. घामानं कातडी सोलते, जखम होते आणि ती भरायच्या आत पुन्हा शिडी. मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जखम अशीच चिघळत राहिली तर पाय आणखी वर कापावा लागेल. गुडघा जाईल. गुडघा गेला की शिडी गेली, आणि शिडी गेली की भूपेशचं काम गेलं.

अंबाडीचं सॉकेट जवळपास निम्म्या वजनाचं होतं आणि त्याच्या पायाला नेमकं बसणारं करता येत होतं. अट एकच, शिडीवर ते तुटता कामा नये. आणि सुरुवातीच्या सगळ्या पट्ट्या तुटत होत्या, त्याही एकाच जागी. जोडून मांडल्या की तुटण्याची रेघ आडवी, सरळ, आखून काढल्यासारखी दिसायची. थर मागेपुढे सरकवून पाहिले, तेव्हा एका रेघेऐवजी तीन रेघा आल्या. तयार तागाचं कापड मागवून पाहिलं, ते पावसाळ्यात पाणी पिऊन फुगलं. यंत्रमागावर अंबाडीचं सूत टिकेना.

अंबाडीचं कापड विणणारा एकच माणूस होता. कुसुमावतींचे वडील, नागपूरजवळच्या खापा गावचे नत्थूजी पराते.

नत्थूजी कोष्टी. आयुष्यभर लुगडी विणली. लुगड्यांची मागणी संपल्यावर गावातले माग एकेक करून मोडीत गेले, त्यांचा राहिला. कुसुमावती लहानपणी त्यांच्या मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरायच्या. बारावीनंतर नागपूरला आल्या, या महाविद्यालयाच्या वस्त्र विभागात मदतनीस म्हणून लागल्या. तिथल्या हातमागावर विणायलाही शिकल्या. तो विभाग बंद झाला, तेव्हा त्यांना मेकॅनिकलकडे पाठवलं गेलं. सूत ओळखणारं माणूस म्हणून रितिका देवतळेंनी त्यांना प्रकल्पात घेतलं आणि कापड कोण विणेल असं विचारलं. कुसुमावतींनी वडिलांचं नाव सांगितलं.

तुटण्याची रेघ कुठून आली हे त्यांना पहिल्याच दिवशी समजलं होतं. पराते घराण्याची एक रीत होती. खाप्यात दुसऱ्या कोणाच्या घरी ती नव्हती. वीतभर कापड विणून झालं की एक आडवा धागा सोडायचा. पायानं पावडी दाबायची, पण आडवा धागा नेणारा धोटा फेकायचा नाही, आणि धागा ठोकणारी फणी हलकी मारायची. कापडात केसाएवढी फट राहते. लुगडं नेसणारीला ती कधी दिसत नाही. सोडलेल्या धाग्याएवढं सूत तोडून करंगळीला गुंडाळायचं आणि काम संपलं की चुलीत टाकायचं. फट नसलेलं कापड, ज्याला नत्थूजी पुरं कापड म्हणत, ते या घरात एकाच कारणासाठी विणलं जाई. घरातलं कोणी गेलं की त्याच्या अंगावर घालायला.

कुसुमावती खाप्याला जाऊन बापाशी बोलल्या.

"बाबा, फट ठेवू नका. तिथंच तुटून राहिलं."

"तुटू दे. लुगडं कोनी ओढून पाहाते का?"

"लुगडं नाही हे. भूपेशच्या पायाले लावाचं हाय."

"म्हनूनच सांगून राहिलो वं. पुरं कापड जित्या मानसाले देत नाही. पुरं झालं का ते धनी शोधते."

"मग मी मॅडमले काय सांगू?"

"सांग का म्हातारा बयाड झाला."

रितिका देवतळेंना हे जसंच्या तसं सांगितलं गेलं. त्या हसल्या नाहीत. फटीतून भेग जाते एवढं त्यांना पुरेसं होतं, आणि ते खरंही होतं.

त्या दिवाळीला भूपेश खाप्याला गेला. पायाची पट्टी बदलताना नत्थूजींनी जखम पाहिली.  भूपेश परत आल्यावर आठवड्याभरात त्यांचा कुसुमावतींना फोन आला. "या बारीनं पुरं विनलं. मॅडमले सांगजो." कुसुमावतींना वाटलं, आपलं मन राखायला म्हणतात.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी ते गेले. शेजारी दुपारी डबा द्यायला आला, तेव्हा ते मागाच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यातच बसलेले होते, पाय पावडीवर. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. सावनेरच्या बाजारातून पांढरं सुती कापड आणून त्यांच्यावर घातलं. मागाच्या तुरईवर, विणलेलं कापड गुंडाळत जायच्या दांड्यावर, काय आहे हे पाहायचं कोणालाच सुचलं नाही.

माग टेम्पोत घालून सक्करदऱ्याला आणला. घराच्या पुढच्या खोलीतल्या चार फरश्या काढून खड्डा खणला. तुरईवर गुंडाळलेलं कापड तसंच राहू दिलं, त्याच्यापुढे नव्या उभ्या धाग्यांचा ताणा जोडला आणि कुसुमावती स्वतः विणायला बसल्या. सुट्टीच्या दिवशी आणि सकाळी कामावर जाण्याआधी. भूपेश त्यावरून चिडवायचा. "लोकाइच्या घरात सोफा असते. आमच्या घरात खड्डा, अन् खड्ड्यात ताई."

फट ठेवायची नाही हे ठरलेलं होतं. रितिका देवतळेंनी तसं बजावलं होतं आणि कुसुमावतींनाही तेच हवं होतं. त्यांनी विणलेल्या कापडाचा पहिला पत्रा तयार झाला. पट्ट्या कापल्या, मशीनला लावल्या. टेबलावर मांडल्यावर तुटण्याची रेघ आडवी आणि सरळ होती.

कापड भिंगाखाली धरलं. फट होती. ठरावीक अंतरावर दुसरी, पुढे तिसरी.

"ताई, सवयीनं होतं असं," रितिका म्हणाल्या. "लहानपणापासून पाहिलंय तुम्ही. हाताला वळण पडलं असेल."

"मी कधी धागा सोडलाच नाही, मॅडम. मी कांड्या भरत होती. घरच्या मागावर बाबा बसू देत नव्हते."

रितिकांनी पट्टी घेऊन अंतर मोजलं. तेवीस सेंटिमीटर. मग त्यांनी कुसुमावतींना टेबलावर हात पसरायला सांगितलं आणि वीत मोजली. एकोणीस. पुन्हा मोजली, तरी एकोणीसच. नत्थूजींच्या कापडाचे जुने तुकडे कपाटात होते. त्यांतल्या फटी तेवीसवर होत्या. उंच माणूस होता, त्याची वीत मोठी.

रितिकांनी तुकडे कपाटात परत ठेवले. कुसुमावतींनी दुसरं कापड विणलं, दर आडव्या धाग्याला तोंडानं आकडा म्हणत. त्यातही फटी आल्या, त्याच अंतरावर.

तिसऱ्या वेळी भूपेशनं दरवाज्याशेजारच्या कपाटावर मोबाइल ठेवून व्हिडिओ काढला. भर सकाळ, खोलीत ऊन आलेलं. व्हिडिओत कुसुमावती विणताना दिसतात. पावडी, धोटा, फणी. बराच वेळ तेच. मग एकदम त्या मान वर करून दरवाज्याकडे पाहतात. कोणी वाट मागावी तशा खांदा थोडा आवरून घेतात. त्या वेळी पाय पावडी दाबतो, पण धोटा हातातच राहतो. त्या कांडीवरचं सूत तोडतात, करंगळीला गुंडाळतात, मान खाली घालतात आणि पुन्हा आकडा म्हणू लागतात. आकडा कुठेही चुकत नाही. पुढे वीतभर कापड झालं की पुन्हा मान वर.

"कोनाले पाहून राहिली होती वं ताई?" भूपेशनं विचारलं.

"कोनालेच नाही. मी कुठं पाहिलं?"

"हे पाय ना. हे पाय."

त्यांनी पाहिलं. दोनदा पाहिलं. मग म्हणाल्या, "डिलीट कर ते."

भूपेशनं डिलीट केलं नाही. त्यानं गॅसची शेगडी उचलून खालचा ट्रे बाहेर काढला. ट्रेमध्ये काळ्या, जळक्या सुताच्या बऱ्याच गुंडाळ्या होत्या. करंगळीच्या मापाच्या.

त्यानंतर कुसुमावती मागावर बसल्या नाहीत. मे महिना लागला होता. भूपेशची जखम उघडली होती आणि दिवसाला आठ-दहा कूलरचे फोन येत होते. विणायला दुसरं कोणी नव्हतं. मग कुसुमावतींना वडिलांचा फोन आठवला. त्यांनी तुरईवरचं कापड शेवटपर्यंत उलगडलं. स्वतःचं कापड संपलं, जोडणीची गाठ आली आणि त्यामागे नत्थूजींचं शेवटचं कापड निघालं. दोन मीटरच्या आसपास. त्यांनी ते खिडकीत उजेडासमोर धरलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिलं. फट नव्हती. म्हातारा खोटं बोलला नव्हता.

एक तुकडा पट्ट्यांसाठी प्रयोगशाळेत नेला. बाकीचं सॉकेटपुरतं ठेवलं. आणि रविवारी सकाळी भूपेश चहा पीत असताना त्यांनी कापड कुठलं आहे ते त्याला सांगितलं.

भूपेशनं विचार केला. "बाबानं ते विनलं अन् बाबा गेला. म्हंजे कापडाले धनी भेटला. काम झालं त्याचं. आता ते नुसतं कापड हाय, ताई. सेकंडहँड."

"धनी भेटला कुठं? त्याईच्या अंगावर आपन दुसरंच कापड घातलं. हे तर कोनालेच दिलं नाही."

"मग?"

"मग ते अजून तसंच हाय. कोनाचंच नाही."

भूपेशनं कप खाली ठेवला. पाय लावलेला नव्हता. गुडघ्याखाली पट्टी होती आणि पट्टीवर पिवळा डाग आलेला होता. "ताई, मले गुडघा पाहिजे," तो म्हणाला. "तू बनव. जे होईन ते होईन."

सोमवारी पावणेदोनला, जेवण झाल्यावर, भूपेशच्या पायाचा प्लॅस्टरचा साचा टेबलावर उभा केला गेला. कुसुमावतींनी कापड कात्रीनं चार तुकड्यांत कापलं. रितिका समोर बसून रेझिन आणि हार्डनर वजन करून मिसळत होत्या. मग दोघींनी हातमोजे घातले. एक थर गुंडाळायचा, ब्रशनं रेझिन भरायचं, त्यावर दुसरा थर. चौथा थर झाल्यावर वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि पंप लावून आतली हवा ओढून घेतली. पिशवी साच्याला कातडीसारखी चिकटली.

कुसुमावतींनी हातमोजे काढले. रितिकांचं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं.

"ताई, हे काय?"

करंगळीला सूत गुंडाळलेलं होतं. रितिकांनी ते हलकेच उलगडलं. एक नव्हे, चार धागे. चारही सारख्या लांबीचे. साच्याभोवती एक वेढा बसेल एवढे.

"कधी काढले?"

"मले माहीत नाही, मॅडम."

"मी समोर बसले होते."

"हो. तुम्ही समोरच होत्या."

हातमोजे घालण्याआधी, कापड कापताना, हे झालं असणार. रितिका तेव्हा वजनकाट्याकडे पाहत होत्या. पण आता पिशवी उघडून उपयोग नव्हता. रेझिन तापायला लागलं होतं, थर एकमेकांना धरत होते. आत चार थरांना चार फटी होत्या आणि त्या कुठे आहेत हे बाहेरून दिसत नव्हतं. मध्यावर असल्या, जिथं गुडघ्याखालचा भार टेकतो, तर सॉकेट टाकून द्यावं लागणार होतं. दुसऱ्या सॉकेटसाठी कापड उरलेलं नव्हतं, आणि विणायला कोणी उरलेलं नव्हतं.

साचा भट्टीत गेला. दोन तास थांबायचं होतं. रितिका आपल्या खोलीत गेल्या नाहीत. दोघी भट्टीशेजारी बसून राहिल्या. कूलरचा पंखा चालू होता, बाकी आवाज नव्हता.

"घाबरलात का?" रितिकांनी मध्येच विचारलं.

"घाबरली नाही. हात ऐकून नाही राहिला, एवढंच."

सव्वाचारला साचा बाहेर काढला. पिशवी सोलली, प्लॅस्टर फोडून काढलं. सॉकेट हातात आलं. हलकं, मधाच्या रंगाचं. रितिकांनी त्याच्या आत मोबाइलचा टॉर्च लावला.

भिंत एकसारखी उजळली. आणि वरच्या कडेपासून दोन बोटं खाली, सगळीकडून सारख्या उंचीवर, एक बारीक तेजस्वी कडं दिसलं. चारही थरांच्या फटी एकावर एक बरोब्बर आल्या होत्या. रितिकांनी सॉकेट उलटं करून तळापासून टेप लावली. तेवीस सेंटिमीटर.

भार त्या जागेच्या बराच खाली येतो. वरची ती कड पायाला नीट बसवायची असते, तिच्यावर वजन पडत नाही. सबंध सॉकेटमध्ये एक धागा काढून घ्यायला निर्धोक अशी जागा शोधायला सांगितलं असतं तर आपणही तीच दाखवली असती, असं रितिका देवतळे म्हणाल्या. पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

सॉकेट मशीनवर बसवलं. भूपेशच्या वजनाच्या तिप्पट भार हळूहळू दिला, थांबवला, काढला. पुन्हा दिला. एवढ्या भाराला चांगल्या नमुन्यातही एखादा तंतू सुटतो, एखादी टिक येते. दोघी वाकून ऐकत होत्या. एकही आवाज आला नाही. मशीन बंद केल्यावरही त्या थोडा वेळ तशाच वाकलेल्या होत्या.

"पास," रितिका म्हणाल्या.

कुसुमावतींनी भूपेशला फोन लावला. "झालं. उद्या ये."

"पुरं हाय का अपुरं?" पलीकडून आवाज आला. मागे कोणाच्या तरी कूलरची घरघर होती.

"अपुरं."

"मंग चालते."

निघताना त्यांनी टेबलावरचे चार धागे उचलले आणि पुन्हा करंगळीला गुंडाळले. या वेळी स्वतः पाहून. रितिकांनी ते नमुना म्हणून ठेवायला मागितले, तेव्हा कुसुमावतींनी मान हलवली.

"जाळावे लागतेत मॅडम."

"इथे चूल कुठे आहे?"

"घरी गॅस हाय ना."

उद्या मंगळवार. भूपेशला अकराची वेळ दिली आहे. आधी जखमेची तपासणी, मग दोन दांड्यांच्या मधून दहा पावलं. शिडी या आठवड्यात नाही. प्रयोगशाळा साडेनऊला उघडते आणि किल्ली कुसुमावतींकडे असते.